औषधाने यकृताला होणारी इजा : तारखांवरून ओळखायचा आजार

कृष्णाकाठच्या गावांत कावीळ म्हटली की पहिला संशय पाण्यावर जातो आणि तो बहुतेक वेळा रास्तही असतो. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली होती, आणि पूर ओसरल्यावर पाणी उकळून पिण्याची सवय सांगलीकरांना वेगळी शिकवावी लागत नाही. परंतु गावात साथ नाही, एकाच टाकीचे पाणी पिणाऱ्या घरातील इतर कुणाला काही झालेले नाही, आणि तरीही एकाच माणसाचे डोळे पिवळे पडले आहेत, लघवी गडद झाली आहे, अन्नावरची वासना उडाली आहे, अशा वेळी आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. गेल्या तीन महिन्यांत या माणसाच्या पोटात कोणकोणती औषधे गेली, आणि ती कोणत्या तारखेला सुरू झाली?

हा प्रश्न साधा दिसतो, पण औषधाने यकृताला झालेली इजा ओळखण्याचे त्याच्याइतके मोठे साधन आज वैद्यकशास्त्राकडेही नाही. ‘ही इजा अमुक गोळीनेच झाली’ असे छातीठोकपणे सांगणारी एकही रक्ततपासणी नाही आणि सोनोग्राफीतही तसे काही दिसत नाही. डॉक्टर इतर कारणे एकेक करून बाजूला काढतात आणि उरलेल्या औषधांच्या तारखा आजाराच्या तारखांशी ताडून पाहतात. त्यामुळे या आजाराचे निदान निम्मे दवाखान्यात आणि निम्मे घरातील माणसांच्या आठवणीवर होते, असे म्हटले तरी चालेल.

यकृत हे पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते आणि मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते. तोंडाने घेतलेले औषध आतड्यात शोषले गेले की लगेच साऱ्या शरीरात पसरत नाही. आतड्याकडचे रक्त एका मोठ्या शिरेवाटे आधी यकृतात येते. तेथील पेशींमधील विकरे, म्हणजे एन्झाइम, त्या औषधाचे रासायनिक रूप बदलतात, जेणेकरून ते पाण्यात विरघळावे आणि लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर पडावे. या रूपांतराच्या मधल्या टप्प्यावर कधी कधी मूळ औषधापेक्षा जास्त दाहक असा पदार्थ तयार होतो आणि तो जिथे तयार होतो तिथल्याच पेशींना आधी इजा करतो. इंजेक्शनने दिलेले औषधही रक्तातून फिरत यकृतात येतेच, त्यामुळे ‘गोळी पोटाला त्रास देते, सुईचे काही नाही’ ही समजूत यकृताच्या बाबतीत तरी खरी नाही.

अशी इजा दोन प्रकारे होते. पहिला प्रकार मात्रेवर अवलंबून असतो: ठरावीक मर्यादेपलीकडे औषध गेले की कुणालाही इजा होऊ शकते. याचे सर्वांत चांगले समजलेले उदाहरण म्हणजे पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल या नावांनी घराघरांत असणारी तापाची गोळी. योग्य मात्रेत ती सुरक्षित आहे आणि ताप उतरवण्यासाठी तिच्याइतके भरवशाचे औषध थोडेच आहे. तिचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी रूपात बाहेर टाकते. थोड्या भागाचा मात्र विषारी पदार्थ होतो आणि त्याला ग्लुटाथायोन नावाचे यकृतातील संयुग लगेच निष्प्रभ करते. साखर कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असते, तेवढ्याच गाड्या आल्या तर ऊस गव्हाणीतून पुढे सरकत राहतो, पण एकाच दिवशी दुप्पट गाड्या आल्या की आवारात ऊस तुंबतो. ग्लुटाथायोनचा साठा संपल्यावर यकृतात हेच होते, आणि तुंबलेला विषारी पदार्थ पेशी मारू लागतो.

मोठ्या, निरोगी माणसासाठी पॅरासिटामॉलची चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅम मानली जाते. ही मर्यादा सहसा कुणी जाणूनबुजून ओलांडत नाही. ती ओलांडली जाते ती नकळत. तासगाव भागात द्राक्षबागेच्या छाटणीला जाणारी एखादी बाई धरू. तिला ताप आला म्हणून डॉक्टरांनी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा सांगितली. त्याचे १,९५० झाले. सांधे दुखतात म्हणून ती आधीपासून अंगदुखीची एकत्रित गोळी तीन वेळा घेते, आणि अशा बऱ्याच एकत्रित गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. त्याचे ९७५ झाले. नाक गळते म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, तिच्यात बहुधा ५०० असते. तीन गोळ्यांचे १,५०० झाले. बेरीज ४,४२५ होते, आणि तिच्या मते तिने तीन वेगवेगळ्या तक्रारींवर तीन वेगवेगळी औषधे घेतलेली असतात. धडधाकट माणसाला एका दिवसाच्या अशा बेरजेने सहसा काही होणार नाही. परंतु वजन चाळीस किलोच्या आसपास, चार दिवस पोटात अन्न नाही, किंवा रोजची दारू आहे, तर ग्लुटाथायोनचा साठा मुळातच कमी असतो आणि सुरक्षिततेची मर्यादाही खाली येते. अशा रुग्णांना डॉक्टर दिवसाला २ ग्रॅमच्या आसपासच थांबायला सांगतात. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचण्याची सवय या एका कारणासाठी तरी लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

पॅरासिटामॉल चुकून किंवा जाणूनबुजून जास्त घेतले गेले असेल, तर लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या दिवशी मळमळ आणि उलट्या होतात, नंतर रुग्णाला बरे वाटू लागते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यकृत खालावत असल्याचे कळते. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा नेमका उतारा उपलब्ध आहे. ते यकृताला ग्लुटाथायोन पुन्हा तयार करायला मदत करते. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत ते सुरू झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. म्हणून रिकामी पट्टी हातात घेऊन त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि रुग्णाला रागावण्यात किंवा जाब विचारण्यात एक मिनिटही घालवू नये.

दुसरा प्रकार अधिक गूढ आहे. यात मात्रा योग्य असते, डॉक्टरांची चिठ्ठी योग्य असते, हजारो लोकांना तेच औषध मानवलेले असते, आणि एखाद्याच माणसाच्या यकृताला ते सहन होत नाही. काहींच्या विकरांचा वेग जन्मजात कमी असतो, काहींची प्रतिकारशक्ती औषधाने बदललेल्या पेशींना परके समजून त्यांच्यावर हल्ला करते. अशा प्रवृत्तीशी जोडलेल्या काही जनुकीय खुणाही सापडल्या आहेत, पण औषध देण्यापूर्वी प्रत्येकाची ती तपासणी करण्याइतके हे ज्ञान अजून पक्के झालेले नाही. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी ते सहसा काही हजार लोकांवर तपासलेले असते. दहा हजारांत एकाला होणारी इजा तेवढ्या लोकांत दिसलीच पाहिजे असे नाही. ती एकदा तरी दिसेल याची पंचाण्णव टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे तीस हजार लोकांवर औषध वापरून पाहावे लागते. मधुमेहावरचे ट्रोग्लिटाझोन अमेरिकेत लाखो लोकांनी घेतल्यानंतर यकृताच्या इजेमुळेच २००० साली बाजारातून काढून घ्यावे लागले.

या प्रकारात तारखा फसव्याही असतात. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची एकत्रित प्रतिजैविक गोळी घसा, दात, छाती अशा अनेक तक्रारींवर दिली जाते. आइसलँडमधील एका सविस्तर अभ्यासात ती घेणाऱ्या सुमारे २,३०० लोकांमागे एकाला यकृताची इजा झाल्याचे आढळले. पाच-सात दिवसांचा कोर्स संपतो, माणूस कामाला लागतो आणि कधी कधी दोन-तीन आठवड्यांनंतर अंगाला खाज सुटून कावीळ दिसते. तोपर्यंत रुग्ण ती गोळी विसरलेला असतो, आणि ‘सध्या कोणते औषध चालू आहे?’ या प्रश्नावर ‘काही नाही’ असे अगदी प्रामाणिक उत्तर देतो. त्यामुळे चालू औषधांबरोबर संपलेल्या औषधांचीही चौकशी करावी लागते.

आपल्या देशात या दुसऱ्या प्रकारच्या इजेचे सर्वांत मोठे कारण क्षयरोगाची औषधे आहेत. भारतातील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या सुमारे तेराशे रुग्णांच्या नोंदींत जवळपास निम्म्या रुग्णांना ही इजा क्षयाच्या औषधांनी झाली होती. नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधे वजनानुसार एकत्रित गोळ्यांतून दिली जातात, आणि नंतरचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन चालू राहतात. यांतील पहिली तीन यकृताला त्रास देऊ शकतात. इथाम्ब्युटॉलचा धोका यकृताला नसून नजरेला असतो. बहुतेक इजा पहिल्या दोन महिन्यांत दिसते, म्हणजे ज्या काळात रुग्णाला मुळात क्षयानेच भूक नसते, अशक्तपणा असतो, आणि ‘औषध गरम पडते आहे, होईल सवय’ असे म्हणून घरचे धीर देत असतात, त्याच काळात.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावरून दोन्ही बाजूंनी चुका होतात. रिफाम्पिसिनमुळे लघवीचा रंग पहिल्या दिवसापासूनच नारिंगी-लालसर होतो, घामाला आणि अश्रूंनाही तो रंग येऊ शकतो, आणि त्यात काहीही धोका नाही. हा रंग पाहून घाबरून गोळ्या सोडणारे रुग्ण आहेत. आणि उलट, पुढे खरोखर कावीळ झाली तरी ‘डॉक्टरांनी सांगितलेच होते लघवी लाल होईल’ म्हणून गप्प राहणारेही आहेत. त्यामुळे क्षयाच्या रुग्णाने लघवीच्या रंगावर विसंबू नये. सकाळी दारात, सूर्यप्रकाशात उभे राहून घरातील कुणाकडून तरी डोळ्यांचा पांढरा भाग पाहून घ्यावा. ट्यूबलाइटच्या उजेडात सुरुवातीचा पिवळेपणा हमखास सुटतो. डोळे पिवळे दिसले, सतत मळमळ होऊ लागली, उलट्या झाल्या, उजव्या बरगडीखाली दुखू लागले किंवा थोडी परतलेली भूक पुन्हा गेली, तर गोळीचा पुढचा डोस घेण्यापूर्वी त्याच दिवशी ज्या आरोग्य केंद्रातून औषध मिळते तेथे जावे.

‘त्याच दिवशी’ यावर भर देण्याचे कारण असे की, स्वतःच्या मनाने महिनाभर गोळ्या बंद ठेवणे आणि डोळे पिवळे झाल्यावरही त्या घेत राहणे या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. पहिल्याने क्षय उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात, दुसऱ्याने यकृत निकामी होऊ शकते. डॉक्टरांचे गणित साधारण असे असते: एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतील विकर रक्ततपासणीत नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट झाले आणि लक्षणेही असली, किंवा लक्षणे नसताना पाचपट झाले, तर औषधे थांबवायची, क्षय गंभीर असेल तर यकृताला न दुखावणारी दुसरी औषधे तेवढ्यापुरती द्यायची, आणि यकृत सावरल्यावर मूळ औषधे एकेक करून, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून आणि प्रत्येक टप्प्यावर रक्त तपासून पुन्हा सुरू करायची. अनेक रुग्णांचा उपचार अशा रीतीने पूर्ण होतो. आयसोनियाझिड घेणाऱ्या शंभरांतील दहा ते वीस लोकांत एसजीपीटी काही काळ थोडे वाढते आणि औषध चालू असतानाच आपोआप उतरते, हेही माहीत असावे. तपासणीतील प्रत्येक वाढलेला आकडा म्हणजे इजा नव्हे.

हा धोका दारू घेणाऱ्यांना, वयस्कांना, कुपोषितांना आणि आधीच हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्यांना जास्त असतो. ऊसतोडीच्या हंगामात बीड-धाराशिवकडून सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर येणाऱ्या मजुरांचा विचार केला तर यांतील बऱ्याच गोष्टी एकाच कोपीत सापडतात: कमी वजन, अंगमेहनत, अंगदुखीवर रोजची गोळी, आणि दर काही दिवसांनी बदलणारा मुक्काम. क्षयाचा उपचार निक्षय या राष्ट्रीय नोंदणीत असल्यामुळे तो गाव बदलला तरी दुसऱ्या केंद्रातून पुढे चालू ठेवता येतो, आणि पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे. हा पैसा अन्नावरच खर्च व्हावा, कारण पोटात अन्न असणे हे यकृताच्याही फायद्याचे आहे. टोळीच्या मुकादमाला एवढे माहीत असले तरी त्याच्या टोळीतील एखादा रुग्ण वाचू शकेल.

इतर औषधांविषयी थोडक्यात सांगतो. फिट्सवरच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनने इजा झाली तर ती बहुधा दोन ते आठ आठवड्यांत, ताप आणि अंगावर पुरळ घेऊन येते. असे झाल्यास रात्रभर थांबू नये, मात्र फिट्सची गोळी डॉक्टरांना न विचारता बंदही करू नये. व्हॅलप्रोएट दोन वर्षांखालील मुलांत विशेष जपून वापरावे लागते. संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास काही दिवसांतच जीव धोक्यात येतो, म्हणून पट्टीवर वाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. निमेसुलाइड हे वेदनाशामक यकृताच्या इजेमुळे फिनलंड आणि स्पेनमध्ये २००२ साली बाजारातून गेले, आणि भारतात २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यास बंदी आहे. घरात जुनी बाटली किंवा पट्टी असेल तर ती मुलांच्या हाती नव्हे, मोठ्यांच्याही सहज हाती लागू नये. याउलट कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांविषयी लोकांत जेवढी भीती आहे तेवढा आधार तिला नाही. त्यांनी यकृताला गंभीर इजा होणे फारच दुर्मीळ आहे, आणि त्या भीतीने गोळ्या सोडल्यामुळे येणारा हृदयविकाराचा झटका तसा दुर्मीळ नाही.

आता काढे, चूर्णे आणि ‘साइड इफेक्ट नसलेली’ औषधे. वर उल्लेखलेल्या भारतीय नोंदींत क्षयाच्या औषधांनंतरचा दुसरा क्रमांक याच गटाचा होता, म्हणून तो टाळून पुढे जाता येत नाही. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा घरोघरी उकळला जात होता. २०२० च्या अखेरीस मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतदाह पाहिला, आणि २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात असे ४३ रुग्ण नोंदले गेले. त्यांच्यातील इजेचे स्वरूप प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखे होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असे म्हटले. काढा करणाऱ्या घराच्या दृष्टीने या वादातून निघणारी व्यावहारिक गोष्ट एकच: थायरॉइड, मधुमेह किंवा प्रतिकारशक्तीचा एखादा आजार असलेल्याने गुळवेल महिनोन्‌महिने घेऊ नये, आणि घेत असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे.

सांगलीत हा विषय लिहायचा तर हळदीला वगळून चालणार नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आमटी-भाजीतील हळदीने यकृताला इजा होते असे मानायला काहीही आधार नाही. हळदीत करक्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, साधारण दोन ते पाच टक्केच असते आणि खाल्लेल्यातील फार थोडे रक्तात पोहोचते. गोष्ट बदलते ती कॅप्सूलमध्ये. तेथे करक्युमिन घट्ट केलेले असते आणि ते अधिक शोषले जावे म्हणून त्यात मिऱ्यातील पायपरीन मिसळलेले असते. इटलीत २०१९ मध्ये अशा पूरक उत्पादनांनंतर यकृतदाहाचे रुग्ण एकामागून एक आढळले तेव्हा तेथील सरकारला इशारा द्यावा लागला. अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या उत्पादनांशी संबंध असलेले दहा रुग्ण मांडले, त्यांतील सात जणांत एकच जनुकीय खूण होती. स्वयंपाकघरातील डब्यात आणि औषधाच्या बाटलीत नाव एकच असले तरी मात्रा एक नसते.

तालमींची आणि जिमची परंपरा असलेल्या या पट्ट्यात आणखी एका गोष्टीकडे पालकांनी आणि वस्तादांनी लक्ष द्यावे. अंग लवकर भरावे म्हणून स्टॅनोझोलॉल, मेथॅन्डिएनोन यांसारखी स्टेरॉइड्स गोळ्यांच्या रूपात चोरून विकली जातात. त्यांनी पित्ताचा प्रवाह अडतो, कावीळ कित्येक आठवडे रेंगाळते, आणि खाज इतकी असते की मुलाला रात्रभर झोप येत नाही. वीस-बावीस वर्षांचा, निर्व्यसनी, पिळदार शरीराचा मुलगा पिवळा पडून खाजवत आला, तर त्याला घरच्यांसमोर न विचारता एकट्याला विचारावे. तरच खरे उत्तर मिळण्याची आशा असते.

कावीळ झाली की आपल्याकडे माळ घालणारे, नाकात थेंब सोडणारे, हातावर डाग देणारे ठरावीक वारी गाठण्याची रीत आहे. तिथे जाणाऱ्यांना नावे ठेवण्यात मला रस नाही. त्यांना आलेला गुण अनेकदा खराच असतो. औषधाने झालेली बहुतेक इजा कारण झालेले औषध थांबले की आपोआप भरून येते, आणि कावीळ झालेला माणूस घाबरून इतर गोळ्या बंद करतोच. बरे केले ते त्या बंद झालेल्या गोळीने, नाव होते माळेचे. धोका असतो तो त्याच गोळ्या चालू ठेवून माळ घालणाऱ्याला, आणि अनोळखी मुळीचा रस घेऊन आधीच दुखावलेल्या यकृतावर आणखी एक अनोळखी पदार्थ लादणाऱ्याला.

तपासणीचा कागद हातात आल्यावर एसजीपीटी आणि एसजीओटी यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. ही विकरे यकृताच्या पेशींच्या आत असतात आणि पेशी फुटल्या की रक्तात उतरतात. म्हणजे किती नासधूस झाली याचा तो अंदाज आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज हे आणखी एक विकर वाढले असेल तर पित्ताचा प्रवाह अडल्याची शक्यता असते. परंतु यकृत आपले काम करते आहे की नाही हे बिलिरुबिन, म्हणजे काविळीत साचणारे पिवळे रंगद्रव्य, आणि रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे आयएनआर, यांवरून कळते. एसजीपीटी हजारावर असून आयएनआर ठीक असलेला रुग्ण बरा होऊन घरी जातो, आणि एसजीपीटी उतरत असताना आयएनआर चढत असेल तर ती फार वाईट खूण असते, कारण फुटायला पेशीच उरलेल्या नसतात. हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञाने केलेले निरीक्षण आजही ग्राह्य मानतात: औषधाने पेशींना इजा होऊन त्याबरोबर कावीळही झाली, तर अशा दहांपैकी सुमारे एका रुग्णाचा मृत्यू होतो किंवा त्याला यकृत बदलावे लागते. म्हणून औषध चालू असताना दिसलेली कावीळ ‘साधी’ समजू नये. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपू आणि रात्री जागू लागला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागले, तर यकृतरोगाची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्यावे. सांगली-साताऱ्याच्या रुग्णाला मिरज किंवा कराड जवळ आहे, आणि यकृत बदलण्याची वेळ आली तर पुणे-मुंबई गाठावी लागते, म्हणून तो निर्णय लवकर व्हावा.

आता त्या तारखांकडे परत येऊ, कारण सगळे तिथेच अडते. मिरजेच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर बसलेल्या रुग्णाच्या पिशवीत डोकावले तर पट्ट्यांचे तुकडे दिसतात. दुकानदाराने कात्रीने चारच गोळ्या कापून दिलेल्या असतात आणि औषधाचे नाव त्याच्याकडे उरलेल्या तुकड्यावर राहिलेले असते. कागदी पुडीतील पांढरी गोळी आणि पिवळी गोळी यांना तर नावच नसते. डॉक्टर विचारतात, “मावशी, आणखी काय घेता?” आणि उत्तर येते, “काही नाही डॉक्टर, गुडघ्याची गोळी आणि काढा तेवढा घेते.” गुडघ्याची गोळी आणि काढा हे त्यांच्या लेखी औषधच नसते. म्हणून मेडिकलमध्ये नाव असलेला तुकडा मागून घ्यावा किंवा बिल घ्यावे. तोही मिळाला नाही तर पट्टीचा मोबाइलवर फोटो काढावा, फोटोवर तारीख आपोआप राहते. दवाखान्यात जाताना गोळ्या, काढ्याची पुडी, जिमची पावडर, सगळे एकाच पिशवीत न्यावे, आणि तीन महिन्यांपूर्वी संपलेले प्रतिजैविकही आठवून सांगावे. डॉक्टर त्यानंतर हिपॅटायटिस ए, ई, बी, सी यांच्या तपासण्या करतात, सोनोग्राफीत पित्तनळीतील खडा नाही याची खात्री करतात, दारूचा इतिहास विचारतात, आणि मग तारखा मांडतात.

उपचारातील मुख्य भाग म्हणजे संशयित औषध थांबवणे. पेशींना झालेली इजा असेल तर एसजीपीटी साधारण महिनाभरात निम्म्याखाली येते. पित्त अडलेल्या प्रकारात काही महिने लागतात आणि त्यात रुग्णाने धीर सोडू नये. ‘लिव्हरचे टॉनिक’ म्हणून दिली जाणारी सिरपे या काळात घ्यायलाच हवीत असे नाही, आणि तिखट-तेलकट बंद करून नुसत्या उसाच्या रसावर आणि फुटाण्यांवर रुग्णाला ठेवणे हे तर अशक्तपणा वाढवणारे आहे. भाकरी, डाळ, दूध, अंडे, जे पचेल ते खाऊ द्यावे. दारू पूर्ण बंद असावी.

ज्या औषधाने इजा झाली ते पुन्हा घेतले तर दुसरी इजा पहिलीपेक्षा लवकर आणि तीव्र येऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू होणारी क्षयाची औषधे सोडली तर असे औषध सहसा कायमचे वर्ज्य करतात. कंपनीचे नाव बदलून तेच औषध पुन्हा हाती येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, ते आधार कार्डाच्या पाकिटात ठेवावे, आणि दर वेळी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी दाखवावे. अशी इजा झाल्याची नोंद भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडे, १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर, रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकालाही करता येते. औषधाचे नाव, ते सुरू केल्याची तारीख आणि लक्षण दिसल्याची तारीख एवढे जवळ असले की नोंद होते, आणि कोणत्या औषधावर इशारा छापायचा हे अशाच नोंदींवरून ठरते.